टीव्हीची स्क्रीन पुसताना : ओले फडके नको, हलका हात हवा

रमजानला आठ-दहा दिवस उरले की आमच्या धनजमध्ये घराघरांत साफसफाई सुरू होते. गाद्या उन्हात येतात, पडदे भिजतात, माळ्यावरची भांडी खाली उतरतात. कोपऱ्यातला टीव्हीही त्यातून सुटत नाही. घरात टीव्ही असावा की नसावा, असला तर त्यावर काय पाहावे, हा वेगळा विषय आहे. पण तो आहे, आणि घरातल्या इतर वस्तूंप्रमाणे त्याचीही निगा राखावी लागते.

दोन वर्षांपूर्वी अशाच साफसफाईत आमच्या भाभींनी टीव्ही पुसला. आधी खिडकीच्या काचांसाठी आणलेला निळा स्प्रे त्यावर मारला, मग ओल्या फडक्याने जोर लावून घासले. स्क्रीन चकचकीत झाली. संध्याकाळी टीव्ही लावला तेव्हा खालून वरपर्यंत रंगीत उभ्या रेघा उमटल्या. कारंज्याहून मेकॅनिक आला. त्याने मागचे झाकण काढून पाहिले आणि सांगितले, "पाणी खालच्या पट्टीत उतरलं. पॅनेल गेलं. नवं बसवण्यापेक्षा थोडे पैसे घालून नवा टीव्हीच घ्या."

त्या रात्री भाईजान भाभींना बरेच बोलले. "तुला कोणी सांगितलं होतं ओलं फडकं लावायला?" भाभी काही बोलल्या नाहीत. आम्हीही गप्प बसलो. त्यानंतर भाभींनी टीव्हीला हात लावणे सोडले. इतकेच नव्हे, तर पुतणीच्या अभ्यासाचा कॉम्प्युटरही त्या पुसेनात. "बिघडला तर माझ्याच माथी येईल," एवढेच म्हणत. कॉम्प्युटरवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ साचली.

पुढे आम्ही टीव्हीसोबत आलेली पुस्तिका काढून नीट वाचली आणि मेकॅनिकला चार प्रश्न विचारले. मग लक्षात आले की चूक भाभींची नव्हतीच. घरातली वस्तू बदलली होती, पण ती पुसायची नवी रीत कोणी कोणाला सांगितली नव्हती. हा लेख त्यासाठीच आहे.

जुना टीव्ही आणि नवा टीव्ही

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. 1982 मध्ये दिल्लीतील आशियाई स्पर्धांच्या वेळी देशात रंगीत प्रसारण आले. त्यानंतरच्या वर्षांत खेड्यापाड्यांत जे टीव्ही पोहोचले ते सगळे पेटीसारखे, मागे मोठे पोट असलेले. त्यांची समोरची बाजू म्हणजे जाड, टणक काच. त्या काचेवर इतकी स्थिरवीज जमायची की हात जवळ नेला तर अंगावरची लव उभी राहायची आणि घरभरची धूळ तिथे चिकटायची. ती काच आमच्या अम्मींनी पंचवीस वर्षे ओल्या फडक्याने पुसली. काचेला काहीच झाले नाही. सून घरात आली तेव्हा तिला त्यांनी तीच सवय लावली.

आता भिंतीवर टांगतो तो सपाट टीव्ही आणि कॉम्प्युटरचा सपाट मॉनिटर यांची रचना निराळी आहे. बहुतेक एलसीडी आणि एलईडी टीव्हींत दोन पातळ काचांच्या मध्ये द्रवस्फटिकाचा थर असतो. समोरच्या काचेवर प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असतो. त्यातूनच प्रकाश गाळून बाहेर येतो. उजेडाची चमक डोळ्यांवर येऊ नये म्हणून या पापुद्र्यावर आणखी एक अतिशय पातळ लेप दिलेला असतो. म्हणजे आपण पुसतो ती काच नसून मऊ पापुद्रा असतो. खिडकीच्या काचेच्या स्प्रेमध्ये अनेकदा अमोनिया किंवा अल्कोहोल असते. त्याने हा लेप खराब होऊन स्क्रीनवर ढगासारखे डाग पडू शकतात. ते डाग मग कशानेही जात नाहीत.

दुसरा धोका पाण्याचा. स्क्रीनवर मारलेला स्प्रे ओघळून खालच्या कडेला जातो आणि चौकटीच्या फटीतून आत शिरतो. अनेक टीव्हींत तिथेच पॅनेलला जोडणाऱ्या बारीक पट्ट्या आणि त्यांवरच्या चिप असतात. चार थेंब आत गेले तरी चित्रात रेघा येतात किंवा अर्धी स्क्रीन काळी पडते. आमच्याकडे नेमके हेच झाले होते.

तिसरा धोका जोराचा. बोटाने दाबल्यावर स्क्रीनवर रंगांची लाट उठलेली आपण पाहतो. आतला थर दबल्याची ती खूण असते. जास्त दाबले तर तिथे कायमचा ठिपका राहू शकतो किंवा आतली काच तडकू शकते.

आमच्याकडची धूळ

धूळ सगळीकडेच असते, पण कापूस-सोयाबीनच्या मुलखातली धूळ जरा वेगळी. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनचे थ्रेशर सुरू झाले की कुटाराचा भुसा हवेत पसरतो. घरात कापूस भरून ठेवला की त्याचे बारीक तंतू उडतात आणि जिथे चिकटपणा असेल तिथे बसतात. तुरीची, हरभऱ्याची मळणी होते तेव्हा पुन्हा भुसा. उन्हाळ्यात काळी माती भुरभुरीत होऊन वाऱ्यासोबत घरात येते आणि रस्त्याचे काम चालू असेल तर मुरमाची धूळ वेगळीच.

या धुळीत वाळूचे सूक्ष्म कणही असतात. वाळूतला मुख्य खनिज म्हणजे क्वार्ट्झ. खनिजांचा कठीणपणा मोजण्याचे एक माप आहे. त्यात आपले नख साधारण अडीच, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास आणि क्वार्ट्झ 7 वर आहे. म्हणजे वाळूचा कण काचेवरही ओरखडा काढू शकतो, मग मऊ पापुद्र्याचे काय सांगावे! धुळीने भरलेली स्क्रीन जोराने घासणे म्हणजे तिच्यावर पॉलिश पेपर फिरवणे आहे. म्हणून आधी कण अलगद झटकून टाकायचे आणि मगच पुसायचे. हा क्रम कधी उलटा करू नये.

"पाणी लावल्याशिवाय पाक कसं व्हायचं?"

हा प्रश्न आमच्या अम्मींचा. त्यांना कोरडे फडके पटतच नव्हते. ज्या घरात तहारतीला इतके महत्त्व, तिथे हा प्रश्न येणारच. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी स्वच्छतेला ईमानाशी जोडले आहे हे आपण लहानपणापासून ऐकतो.

उत्तर अब्बांनी दिले. ते म्हणाले, "पाणी नसेल तेव्हा आपण तयम्मुम कशाने करतो? पाक मातीनेच ना? मग साधी धूळ ही काही नजासत नव्हे. ती झटकली की झालं." अम्मी क्षणभर थांबल्या आणि हसल्या. वुजू करतानाही पाणी उधळू नये ही आपली शिकवण आहे. जिथे कोरड्याने काम होते तिथे पाणी कशाला?

पुसण्याची रीत

आता आमच्या घरी जी रीत ठरली आहे ती क्रमाने सांगतो.

पहिले, टीव्ही किंवा मॉनिटर बंद करून भिंतीतला प्लग काढून ठेवावा. रिमोटने बंद केलेल्या टीव्हीत वीज सुरूच असते. "लाइट गेली आहे, आत्ताच पुसून घेऊ" असेही करू नये. वीज कधीही परत येते, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर ती गेलेलीच नसते. प्लग हातात दिसला पाहिजे.

दुसरे, दहा-पंधरा मिनिटे थांबावे. स्क्रीन थंड होऊ द्यावी. गरम स्क्रीनवर ओलसर कापडाचे पट्टे उमटतात. बंद, काळ्या स्क्रीनवर धूळ आणि डाग चांगले दिसतात, हा आणखी एक फायदा.

तिसरे, हात धुऊन कोरडे करावेत. अंगठी, बांगड्या स्क्रीनला लागणार नाहीत असे पाहावे.

चौथे, मऊ केसांच्या स्वच्छ ब्रशने वरून खाली धूळ अलगद झटकावी. रंगकामाचा नवा, मऊ, रुंद ब्रशही चालतो. तो फक्त याच कामासाठी ठेवावा. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे तुषार उडतात.

पाचवे, मायक्रोफायबरचे कोरडे कापड घ्यावे. चष्म्यासोबत मिळते ते याच जातीचे असते. त्याचे तंतू अतिशय बारीक असल्याने धूळ त्यांत अडकते, नुसती इकडून तिकडे सरकत नाही. ते नसेल तर धुऊन धुऊन मऊ झालेले, तंतू न सोडणारे स्वच्छ मलमलचे कापड घ्यावे. कापडाची चौकोनी घडी करून वरून खाली सरळ पट्ट्यांत, न दाबता फिरवावे. एक बाजू मळली की घडी उलटावी. जोरजोरात घासले तर पुन्हा स्थिरवीज तयार होऊन धूळ परत ओढली जाते.

सहावे, टीव्ही टेबलावर असेल तर दुसऱ्या हाताने कडेला आधार द्यावा. तो भिंतीवर उंच असेल तर प्लास्टिकच्या डुगडुगत्या खुर्चीवर चढू नये.

नेहमीच्या धुळीला एवढे पुरते. आठवड्यातून एकदा, दोन-तीन मिनिटांचे काम आहे.

चिकट डाग असेल तर

फोडणीचा धूर, लोबानचा धूर, मुलांच्या बोटांचे ठसे, डासांसाठी मारलेला फवारा यांचा चिकट थर बसतो. तो कोरड्याने निघत नाही. अशा वेळी मायक्रोफायबरचा एक कोपरा पाण्याने ओलसर करावा. ओलसर म्हणजे पिळल्यावर एकही थेंब न पडणारा. पाणी नेहमी कापडाला लावावे, स्क्रीनला कधीच नाही. डागावरून हलकेच दोन-तीनदा फिरवून लगेच कोरड्या भागाने टिपावे आणि पूर्ण वाळल्याशिवाय प्लग लावू नये.

पाणी कोणते, हेही महत्त्वाचे. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. ते वाळले की पांढरे ठिपके राहतात. फिल्टरचे किंवा डिस्टिल्ड पाणी बरे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आणतो ते डिस्टिल्ड पाणी बहुतेक दुकानांत मिळते. मात्र सीलबंद बाटलीवरचे नाव वाचूनच घ्यावे. तिथेच बॅटरीचे ॲसिडही विकायला असते. बॅटरीतले पाणी काढून वापरण्याचा विचारही करू नये.

एवढ्यानेही डाग गेला नाही तर कंपनीची पुस्तिका पाहावी. काही कंपन्या भरपूर पाण्यात थेंबभर सौम्य साबण चालतो म्हणतात, काही विशिष्ट प्रमाणातले अल्कोहोल चालते म्हणतात, काही दोन्हीला मनाई करतात. शेजारच्या घरी चालले म्हणून आपल्याकडे चालेलच असे नाही.

हे मात्र नको

वर्तमानपत्राचा कागद आणि टिश्यू पेपर नको, त्यांचे तंतू खरखरीत असतात. ओढणीचे टोक, कुर्त्याची किनार नको, तिथे जर, टिकल्या, बटणे असतात. खिडकीच्या काचेचा स्प्रे, थिनर, रॉकेल, नेलपॉलिश काढायचे द्रव नको. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत ओरखड्यांना टूथपेस्ट लावायला सांगतात, तीही नको. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, त्याने लेप आणखी निघतो. 2020 मध्ये कोरोनाच्या काळात सॅनिटायझरने सगळे पुसायची सवय लागली. त्यात अल्कोहोलसोबत ग्लिसरीनही असते. स्क्रीनसाठी ते बनवलेले नाही. अत्तराची किंवा सेंटची बाटलीही टीव्हीपासून लांब उघडावी.

कॉम्प्युटर, लॅपटॉप आणि मोबाइल

आज गावातल्या मुलामुलींच्या शिक्षणाचा बराच भाग कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरून जातो. 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. त्याचा एमएस-सीआयटी हा कोर्स तालुक्याच्या गावी जाऊन करणाऱ्या कितीतरी मुली आपल्या ओळखीच्या असतील. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी जुना, वापरलेला कॉम्प्युटर येतो तेव्हा तो साऱ्या कुटुंबाची जमापुंजी असतो.

मॉनिटर पुसण्याची रीत टीव्हीसारखीच. लॅपटॉप मात्र आधी पूर्ण बंद करून चार्जर काढावा. कीबोर्ड हळूच उलटा करून कण खाली पाडावेत. कीबोर्डवर खडा किंवा बिस्किटाचा तुकडा राहिला आणि झाकण मिटले, तर तो स्क्रीनवर दाबला जातो.

सीपीयूची पेटी धुळीने भरली की पंखा अडतो, आत उष्णता वाढते आणि कॉम्प्युटर मध्येच बंद पडू लागतो. तिच्या जाळीवरची धूळ प्लग काढून कोरड्या ब्रशने काढावी. पेटी उघडून आतून साफ करायची असेल तर ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. ब्लोअर वापरताना आतल्या पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची असतात, नाहीतर ती वेगाने फिरून बिघडतात.

मोबाइलची गोष्ट शेतकऱ्यांना जवळची. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि मोबाइल थेट शेताच्या बांधावर गेला. मातीच्या बोटांनी स्क्रीन सरकवायची आणि मग तोच मोबाइल पायजम्याला पुसायचा, यानेच ओरखडे येतात. मोबाइलची काच टणक असते, पण तिच्यावरही बोटांचे तेल चिकटू नये म्हणून लेप असतो. आधी कण झटकावेत, मग मऊ कापड फिरवावे. खिशात चष्म्याचे कापड ठेवले की झाले.

जिवाची काळजी आधी

स्क्रीन गेली तर पैसे जातात. विजेच्या बाबतीत निष्काळजीपणा झाला तर जीव जातो. ओल्या हाताने प्लग काढू नये. एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या फडक्याने पुसू नये. फरशी धुतलेली असेल तर ती वाळू द्यावी.

कुणाच्या घरी जुना पेटीसारखा टीव्ही अजून असेल तर त्याचे मागचे झाकण घरी उघडू नये. त्याच्या पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ आत साठून राहू शकतो. माळ्यावर पडलेली ट्यूब मुलांच्या हाती देऊ नये, फोडूही नये. ती फुटली तर काचा जोरात उडतात आणि तिच्या काचेत शिसेही असते.

झाकण ठेवावे, पण जपून

धूळ कमी बसावी यासाठी सोपे उपाय आहेत. झाडू मारण्याआधी टीव्हीवर पातळ सुती कापड टाकावे आणि धूळ खाली बसल्यावर काढावे. टीव्ही खिडकीच्या किंवा चुलीच्या समोर नसावा. जुन्या काळी नव्या नवरीच्या सामानात टीव्हीचे भरतकाम केलेले कव्हर असायचे. अम्मींनी केलेले तसे एक आमच्याकडे अजून आहे. पण त्यावर आरसे आणि मणी आहेत, ते सपाट स्क्रीनला टेकले तर ओरखडे येतील. म्हणून आता ते पेटीत जपून ठेवले आहे. कव्हर कोणतेही असो, टीव्ही चालू करण्यापूर्वी ते पूर्ण काढावे, नाहीतर आतली उष्णता कोंडते.

शेवटी

गेल्या रमजानपूर्वी नव्या टीव्हीची साफसफाई निघाली तेव्हा भाभी लांबच उभ्या होत्या. भाईजानच ब्रश घेऊन पुढे झाले. तेवढ्यात अम्मी म्हणाल्या, "त्या दिवशी फडकं मीच भिजवून दिलं होतं. बोलणी मात्र दुल्हननं खाल्ली." कुणी काही बोलले नाही. भाईजाननी ब्रश भाभींच्या हाती दिला आणि स्वतः टीव्हीला आधार देऊन उभे राहिले.

घर साफ ठेवण्याचे काम आपल्याकडे बहुतेक बायकांच्या वाट्याला येते आणि वस्तूची पुस्तिका मात्र पुरुषांच्या कपाटात राहते. वस्तू बिघडली की दोष जिने हात लावला तिचा. हे न्यायाचे नाही. नवी वस्तू घरी आणली की ती कशी वापरायची, कशी पुसायची हे घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावे. पाच मिनिटे लागतात. आम्ही ती पाच मिनिटे दिली असती तर एक टीव्ही वाचला असता, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एका माणसाचे मन दुखावले नसते.

आता चाँदरातीला बातम्या पाहायला सगळे टीव्हीपुढे जमतात तेव्हा स्क्रीन लख्ख असते. परवा आमच्या लहानग्याने शर्टाचे टोक उचलून कॉम्प्युटर पुसायला घेतला, तर भाभी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "थांब! आधी ब्रश!"